वन्सं, गुरुवारचा खेळ अर्धाच राहिला

वन्सं, लोक भेटायला येतायत आणि तुमच्याबद्दल काहीबाही सांगून जातायत. चहा पितात, तुमच्या फोटोकडे बघतात (हार जरा मोठा झालाय, मंदारनं आणला, त्याला त्यातला अंदाज नाही) आणि उठता उठता सगळ्यांचं एकच, "थिएटर गेलं तेव्हाच खचल्या हो त्या." काल मालतीबाई आल्या होत्या. आपल्या पेठेतल्या, दर गुरुवारी खांबाशेजारच्या खुर्चीसाठी भांडायच्या त्याच. दोन जिने चढून आल्या, लिफ्ट असून. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "जीव चंद्रिकेतच अडकला होता त्यांचा. बिबवेवाडीला नुसत्या राहायला होत्या."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. भेटायला आलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे तुम्हीच मला शिकवलंत. स्वतः कधी पाळलं नाहीत, ते सोडा.

पण मालतीबाई गेल्या आणि मला चैन पडेना. कारण विक्रीच्या कागदावर पहिली सही माझी होती, दुसरी तुमची. त्या म्हणतात तसं असेल, तर तुम्हाला खचवलं ते मीच. तुम्ही मला त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतंत की तुम्ही सुटलात. ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, एवढं एकदा माझ्या मनाशी नक्की व्हायला हवं. दुसऱ्या कुणाला विचारणार? ज्यांना ठाऊक होतं ते तुम्ही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

आताच्या मुलांना चंद्रिका टॉकीज म्हटलं तर कळत नाही. जुन्या माणसांनाही कळायचं नाही, कारण सगळी पेठ तिला वखारच म्हणायची. "वखारीत कुठला लागलाय?" मी मांजरी गावाहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासरी लाकडं विकतात आणि पुण्याची माणसं लाकडं बघायला रांग लावतात. मग ह्यांनी सांगितलं की मामंजींच्या तरुणपणी ती खरंच लाकडाची वखार होती. सिनेमा मुका होता तेव्हा मामंजींनी एका बाजूची लाकडं हलवून पांढरं कापड ताणलं, खाली पेटीवाला आणि तबलजी बसवला आणि वर पत्र्याचं छप्पर तेच ठेवलं. पावसात तबला ऐकू यायचा नाही म्हणे. वास शेवटपर्यंत सागाचाच. इतका रंग दिला, इतक्या उदबत्त्या लावल्या, पण आत पाऊल टाकलं की साग.

तेव्हा पुरुष पडद्याच्या पुढं बसायचे आणि बायका मागं. कापडावर पाणी मारलं की उजेड आरपार जायचा. पण मागून सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हातानं जेवायचा आणि पाटीवरची अक्षरं उजवीकडून सुरू व्हायची. सासूबाई वाचायला शिकल्या त्या तिथं, पडद्याच्या मागं, उलट्या. सुलट वाचायला पुढं तुम्ही शिकवलंत म्हणे, मुलगी असून आईला. मग सिनेमा बोलायला लागला आणि सासूबाईंनी मामंजींना सांगितलं, बोलणारं माणूस पाठीमागून ऐकायचं नसतं, आम्हाला पुढं बसवा. पुरुषांत बसवायची सोय नव्हती. शुक्रवारी नवा सिनेमा यायचा, गुरुवारी जुना उठायचा, दुपारी तसंही कुणी नसायचं. तो गुरुवारचा तीनचा खेळ बायकांना मिळाला.

आणि त्या खेळाचा तो एक नियम. एक बाई आली तरी खेळ होणार. मामंजी म्हणायचे, "जी बाई जेवणं उरकून, पोरं निजवून, सासूला विचारून इथवर आली, तिला दारातनं परत पाठवायचं नाही." तुम्ही फार लवकर माहेरी परत आलात. त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे, मी उगाळत नाही. मामंजींनी तुम्हाला बायकांच्या खिडकीवर बसवलं आणि तो नियम तुमच्या हवाली केला. तुम्ही तो असा धरलात की बास.

खिडकीवर काय बसायच्या तुम्ही! नुसती तिकिटं फाडणं थोडंच होतं ते. मागच्या पडवीत जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, त्यात पेठेतली तान्ही पोरं. बायकांनी आत जाताना पोर झोळीत टाकायचं आणि निवांत बसायचं. झोके द्यायच्या तुम्ही. एखादं फारच रडायला लागलं, की काचेच्या पट्टीवर शाईनं लिहून पट्टी मशीनच्या खोलीत पाठवायच्या. आत नायिका मरणाच्या दारात, आणि कडेला अक्षरं उमटायची, "हिरवं झबलं. भूक लागली आहे." लगेच एक बाई उठायची. कधी दोन उठायच्या, कारण हिरवी झबली दोन असायची. एकदा तुम्ही लिहिलंत, "पिवळं टोपडं. काही झालेलं नाही. रडायची हौस." सगळं थिएटर हसलं होतं आणि नायिका तिकडं बिचारी मेली.

बाहेर दारावरच्या पाट्याही तुमच्याच. "पान खाऊन थुंकणाऱ्यांनी घरचा पत्ता देऊन जावा. आम्हीही येऊ." हिच्यावरून तुमचं आणि ह्यांचं चांगलं वाजलं होतं. ह्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला असं बोलू नये. तुमचं म्हणणं, गिऱ्हाईक आत, थुंकणारा बाहेर, दोघं वेगळे.

आता माझ्या पहिल्या गुरुवाराचं सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. तुम्ही माझा हात धरून मला आत नेलंत, खांबाजवळच्या खुर्चीवर बसवलंत आणि खिडकीवर गेलात. पडद्यावर उसाचं शेत होतं, विहीर होती आणि एक म्हातारा मोट हाकत होता. मला एकदम आमची मांजरीची विहीर दिसली, आमचे दादा दिसले, आणि जे रडायला आलं ते थांबेचना. सिनेमा काय होता ते मला आजही सांगता यायचं नाही. तुम्ही मध्येच डोकावलात, मला पाहिलंत आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलंत, "कुमुदला सिनेमाचं भारी वेड हाय!" माझी नक्कल करून. मी 'हाय' म्हणायची ना तेव्हा. नंतर तुम्हीच माझं 'आहे' करून घेतलंत, आणि ते मला आवडलं नाही हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलले.

मी काय म्हणणार होते? नवी सून. नणंद एवढ्या कौतुकानं सांगतेय. मी मान हलवली.

झालं. दर गुरुवारी खांबाजवळची खुर्ची माझी. आधी मजा वाटली, खोटं कशाला सांगू. मग मंदार झाला, तो झोळीत आणि मी आत. मग तो शाळेत गेला आणि मी आत. तेच नायक, तेच गैरसमज, तीच आई आंधळी. मी पुढंपुढं मटार घेऊन जायला लागले. अंधारात सोलायला मटार बरा, हाताला कळतो. तुम्हाला वाटायचं, किती गोडी हिला, घरचं काम टाकून येत नाही, काम घेऊन येते!

मग घराघरात केबल आली. दुपारच्या मालिका आल्या. आणि वन्सं, पेठेतल्या बायका गुरुवारच्या गुरुवारी गळायला लागल्या. तुम्ही खिडकीतून रस्त्याकडं बघत बसायच्या. ज्यांच्या आया त्यांना झोळीत टाकून आत बसायच्या त्या पोरी स्कूटीवरून तोंडाला ओढणी बांधून सुसाट जायच्या, कॉलेजला, क्लासला, मग नोकऱ्यांना. कुणी बघायचंही नाही वखारीकडं. तुम्ही म्हणालात, "बरंय. ह्यांना कुणाला विचारून निघावं लागत नाही." मला वाटलं तुम्ही दुःखानं बोललात. तुमचं बोलणं सरळ की तिरकं, हे पुण्यात इतकी वर्षं काढून मला नीट कळलं नाही.

आणि तिकडं माझी मालिका बुडत होती! हे मी कुणाला सांगू? थिएटरवाल्याची सून, आणि जीव लागलाय टीव्हीतल्या सुनेपायी. शुक्रवारी सकाळी शेजारणीला जिन्यात गाठून विचारायची, काल काय झालं. ती सांगायची, पण तिला नीट सांगता यायचं नाही. महत्त्वाचं सोडून साड्यांचंच सांगायची.

पण मी यायची. कारण आता गुरुवारी आठ-दहाच बायका असायच्या, मग चार-पाच, मालतीबाईही गुडघ्यांमुळं यायच्या थांबल्या. मला वाटायचं, मी पण नाही गेले तर खेळ पडेल, आणि खेळ पडला तर वन्सं मोडतील. त्यांच्या आयुष्यात दुसरं काय आहे?

हे गेले त्याच्यानंतर तर ते फारच झालं. थिएटर आता तुमचं नि माझं. छप्पर गळत होतं, खुर्च्यांतले ढेकूण तेवढे नियमानं यायचे. मंदार हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये लागला होता, सकाळी कंपनीची बस, रात्री कंपनीची बस, रविवारी म्हणायचा, "आई, बी प्रॅक्टिकल. मल्टिप्लेक्सच्या जमान्यात कोण येणारे इथे?" मी म्हणायची, "आत्याला विचार." तो तुम्हाला विचारायचा तर तुम्ही म्हणायच्या, "आईला विचार." आपल्या दोघींमध्ये तो पोरगा नुसता हेलपाटे घालायचा. तरी आपल्याला शंका येऊ नये? दोन म्हाताऱ्या एकमेकींकडं बोट दाखवतायत म्हणजे काहीतरी आहे, एवढंही कळलं नाही आपल्याला.

मग तो संजय आला. बिल्डर झालेला, मोठी गाडी गल्लीत अडकवून. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आत्या, ओळखलंत का? मी तुमच्याच झोळीत लहानाचा मोठा झालो."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "न ओळखायला काय झालं. तेव्हाही फार आरडाओरडा करायचास आणि भूक कधी भागायची नाही."

हसला बिचारा. जागेचं बोलला, फ्लॅटचं बोलला, म्हणाला, "विचार करा, घाई नाही." तो गेल्यावर तुम्ही मला काय म्हणालात आठवतं? म्हणालात, "तुझ्या गुरुवारचं काय ते बघितल्याशिवाय मी काही हो म्हणायची नाही." आणि मी ऐकलं असं, की तुम्हाला तुमच्या गुरुवारशिवाय करमायचं नाही. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं का हो? मी म्हटलं, "नाही म्हणा त्याला. आपलं चाललंय ते बरंय." असे आपण त्या संजयला ताटकळत ठेवलं. एकमेकींवरच्या मायेनं! तो बाहेर सांगत फिरायचा, म्हाताऱ्या भारी मुरलेल्या आहेत, भाव वाढवतायत.

आता त्या गुरुवारचं. हे मालतीबाईंना ठाऊक नाही, मंदारला अर्धं ठाऊक आहे. पूर्ण आपल्या दोघींनाच होतं, आता माझ्या एकटीला.

त्या दिवशी कुणीच आलं नाही. अख्ख्या थिएटरात मी आणि माझे मटार. खिडकीवर काम नाही म्हणून तुम्ही आत येऊन माझ्या शेजारी बसलात. इतक्या वर्षांत आपण शेजारी बसून सिनेमा कधी पाहिलाच नव्हता, लक्षात आलंय का तुमच्या? वर ऑपरेटर गणपतनं मशीन सुरू केलं. सिनेमा जुनाच होता, पण आपल्याकडं कधी लागलेला नव्हता. त्यातली बाई सासरचं घर सोडून निघते. पत्र्याची ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर येऊन उभी राहते. मागून नवरा धावत येतोय, समोरून गाडी येतेय, आणि खट्. फिल्म तुटली. दिवे लागले. भिंतीवरचे पंखे तेवढे फिरत होते.

आणि त्या शांततेत मला आवाज आला. घुर्र, घुर्र. मला वाटलं मशीन बिघडलं. बघते तर तुम्ही. मान मागं, तोंड थोडं उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि गाढ झोप.

मला काय वाटलं सांगू? पुण्यासारख्या गावात, जिथं दुपारी एक ते चार देवळातला देवसुद्धा कुणाला दार उघडत नाही, तिथं ही बाई दुपारी कधी आडवी झालेली मी पाहिली नाही. रोज तीनचा खेळ, आणि बायकांचा नसला तरी खिडकीवर हीच. पेठेतल्या सगळ्या बायका अंग टाकायच्या तेव्हा हिनं खिडकी उघडलेली. दुपारची झोप ठाऊकच नव्हती तुम्हाला.

मी हळूच हलवलं. "वन्सं, अहो, घरी जाऊन पडायचं ना जरा."

तुम्ही दचकून सरळ झालात, चष्मा वर केलात. "मग तुझा खेळ कोण लावणार?"

"माझा कसला खेळ?"

"तुझाच की. तुझ्यासाठी तर उघडायचं. सिनेमाशिवाय चैन पडत नाही ना तुला."

"अहो, मी तुमच्यासाठी येते!"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की मी परक्या भाषेत बोलले. "माझ्यासाठी? मला काय करायचाय सिनेमा? मला पाठ टेकायला मिळत नाही तुझ्या सिनेमापायी!"

"आणि माझी मालिका बुडते त्याचं काय?"

"कसली मालिका?"

मग मी सांगितलं. सगळं. मांजरीची विहीर, मोट, दादा. टीव्हीतली ती सून. जिन्यातली शेजारीण. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, "इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"तुमचं कुणी शिवलं होतं?"

आणि मग तुम्हाला हसू फुटलं. तुम्ही हसायला लागलात की पोट धरून हसायच्या, खुर्ची करकरायला लागली. मलाही आवरेना. मांडीवरचे मटार सगळे खाली, खुर्च्यांखालून घरंगळत पार पडद्यापर्यंत गेले. वर भोकातून गणपत ओरडला, "बाईसाहेब, जोडली फिल्म! लावू का?"

तुम्ही हसता हसता थांबलात. चेहरा एकदम मामंजींसारखा झाला. म्हणालात, "कुमुद, पण आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही गं."

मला कुठून सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "परत पाठवू नकाच. माझ्याबरोबर चला."

तुम्ही पांढऱ्या पडद्याकडं एकदा बघितलंत. मग वर मान करून म्हणालात, "गणपत, राहू दे. दिवे घालव, पंखे बंद कर, घरी जा. आणि बायकोला सांग, आज लवकर सुटी झाली." वखारीतला बायकांचा खेळ अर्ध्यावर थांबला तो तेवढाच. दारात आल्यावर तुम्ही माझा हात धरलात, पहिल्या गुरुवारी धरला होतात तसा, आणि म्हणालात, "सुटले बाई."

तो शब्द. त्यावरच मी विसंबले. पुढच्या आठवड्यात संजयला बोलावलं, मी सही केली, तुम्ही केलीत. गणपत म्हणाला, बरं झालं, मलाही मुलाकडं जायचंच होतं, तुम्हा दोघींना वाईट वाटेल म्हणून थांबलो होतो. म्हणजे तोसुद्धा! तुम्ही कपाळावर हात मारलात.

पण खरं सांगते, मला लगेच धास्ती वाटायला लागली होती. छप्पर उतरवायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही बघायला गेला नाहीत. मी म्हटलं, झालं, हिला सोसवत नाही. नंतर कळलं, तुम्हाला धुळीची ॲलर्जी. निघताना तुम्ही एकच वस्तू घेतलीत, खेळ सुरू व्हायच्या आधी बडवायची ती पितळेची घंटा. मी म्हटलं, हिचा जीव त्यात आहे. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच गुरुवारी जेवणं झाल्यावर बघते तर तुम्ही चांगली साडी नेसून, केस विंचरून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीवर बसलेल्या.

"कुठं निघालात वन्सं?"

"कुठंच नाही."

"मग अशा का बसलात?"

"कुठं जायचं नाहीये, त्याची मजा घेतेय." मग तीन वाजले तशा उठलात, पर्स खुंटीला लावलीत आणि म्हणालात, "आता पडते. पाचपर्यंत मला कुणी मेलं तरी उठवायचं नाही." आणि झोपलात. घोरत.

तरी शंका काही जाईना. तिरकं बोलता येतं माणसाला, पण ती घंटा? ती का आणली? शेवटी एकदा विचारलंच, नीट जागा करून शोकेसमध्ये ठेवू का? तुम्ही म्हणालात, "नको, जागेवर आहे ती." जाऊन बघते तर ती तुमच्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवलेली, जमिनीवर. "इथं दुसऱ्या मजल्यावरही वारा फार. दुपारी दार आपटतं, झोपमोड होते. हिचं वजन बरंय." ज्या घंटेनं तुमच्या सगळ्या दुपारी घालवल्या, तिला तुम्ही झोपेच्या राखणीला बसवलंत!

दुपारची झोप तुम्हाला कशी लागली होती, ते मी सांगायला नको. मंदारची मुलगी म्हणायची, आजीआत्या ऑफलाइन गेली. संजयची ती काचेची बिल्डिंग झाली, खाली मोबाईलचं दुकान, वर जिम. उद्घाटनाला बोलावलं तर तुम्ही कार्ड वाचून विचारलंत, "किती वाजता? तीन? नाही जमणार म्हणावं, माझा खेळ असतो." आणि उशीला थाप मारलीत.

उरलं आपलं एकच भांडण. ती ट्रंकवाली. तुम्ही म्हणायच्या, ती गाडीत चढली. मी म्हणायची, चढली नाही, नवरा धावत आला होता, वळली असणार. "अगं, ट्रंक घेऊन इतक्या लांब आली ती काय वळायला?" "अहो, तो बिचारा अनवाणी धावत होता!" "म्हणून काय झालं, त्याला चपला घालायला कुणी नको म्हटलं होतं?" भाजी निवडताना, चहा घेताना, फिरायला गेल्यावर बाकावर. एकदा मंदार वैतागून म्हणाला, "थांबा, नेटवर शोधतो, दोन मिनिटांत सांगतो शेवट." आपण दोघी एकदम ओरडलो, "हात लावशील तर बघ!" तो म्हणाला, तुम्ही दोघी इम्पॉसिबल आहात. कळलं नाही त्याला. इतके सिनेमे अंतापर्यंत पाहिले, त्यातला एक लक्षात नाही. हा अर्धा राहिला तोच काय तो आपल्याला पुरला.

तुम्ही मंगळवारी गेलात. गुरुवार असता तर सांगायला शोभला असता, पण मंगळवार होता. भरल्या वांग्याची भाजी झाली होती, मीठ कमी म्हणालात. दाराला घंटा लावून पडलात. पाचला मी चहा ठेवला. सव्वापाचला हाक मारली. मग आत आले. चष्मा उशाशी घडी करून, हात पोटावर. शेजारच्या इमारतीतले डॉक्टर आले, म्हणाले, झोपेतच, त्यांना कळलंही नसेल. मंदार हिंजवडीहून निघाला, वाटेतल्या गर्दीत अडकला, फोनवर सारखा विचारत होता, आत्याला त्रास झाला का, त्रास झाला का. मी म्हटलं, नाही रे. ती दुपारची झोपलीय. मला रडू आलं ते नंतर, केलेला चहा ओतून देताना.

हे सगळं मांडून झाल्यावर आता मला मालतीबाईंची शंका उरलेली नाही. चांगली साडी नेसून मजेत असल्याचं दाखवता येतं, तिरकंही बोलता येतं. पण वन्सं, घोरण्याचं सोंग कुणाला रोजच्या रोज जमत नाही, तेही असं, की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारावी. ज्याचा जीव मागं कुठं अडकलाय, तो माणूस असा झोपत नाही. तुम्ही सुटला होतात. खरंच सुटला होतात. मला बरं वाटावं म्हणून नव्हतं ते, तुम्हालाच बरं वाटत होतं. मालतीबाई परत आल्या तर सांगेन त्यांना. आणि लिफ्टचं बटण पण दाखवेन.

आज दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले, घर रिकामं झालं. माझी मालिका लागायची वेळ झाली होती. टीव्ही लावला, जरा वेळ बघितला. ती सून अजून तिथंच आहे, तशीच सोसतेय. बंद केला. तुमच्या खोलीत आले, खिडकी उघडली. वारा फार, दार हलायला लागलं. घंटा सरकवून दाराला लावली आणि तुमच्या पलंगावर आडवी झाले.

डोळा लागता लागता ती दिसली. स्टँडवर, ट्रंक घेऊन. मी एवढं भांडले तुमच्याशी, पण आज तिच्याकडं नीट बघितलं तर ती मागं वळून बघतसुद्धा नव्हती. चढली ती, वन्सं. तुमचंच खरं. खिडकीपाशी जागा मिळाली असेल, आणि गाडी सुटल्यावर लगेच डोळा लागला असेल तिचा.